मदत हवी आहे: भरतीच्या पाण्यातली ऊर्जा मुळात कोणाची?

नमस्कार मंडळी,

मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने ऊर्जा रूपांतरण हा विषय घेतलाय आणि एका ठिकाणी आम्ही दोघी अडलोय. भौतिकशास्त्र किंवा भूगोल शिकवणाऱ्यांनी कृपया मार्ग दाखवा.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी राहतो, त्यामुळे तिने उदाहरणं इकडचीच निवडली. पोफळीचं वीजघर घेतलं: उन्हाने समुद्राच्या पाण्याची वाफ झाली, सह्याद्रीवर पाऊस पडला, कोयनेत साठला, बोगद्यातून खाली आला आणि टर्बाईन फिरलं. स्थितिज ऊर्जेची गतिज, गतिजची विद्युत, आणि मुळाशी सूर्य. देवगडच्या पवनचक्क्यांचंही तेच, कारण जमीन-पाणी कमीजास्त तापतं म्हणून वारा सुटतो. चुलीतलं लाकूडही शेवटी उन्हावरच वाढलेलं.

मग ती म्हणाली, आपल्या उघाडीचं काय?

घाटावरच्या मंडळींसाठी सांगते. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीला बांध असतो आणि त्यात झडपांची उघाडी असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप धाडकन मिटते, फळ्यांच्या फटीतून थोडं पाणी फुरफुरत राहतं, तेवढंच. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. जाड फळ्यांची एवढी जड झडप, कोणी हात न लावता रोज हलते.

लेक म्हणते, हे चंद्राचं काम. पण गुरुत्वाकर्षण हे बल आहे, ऊर्जा नव्हे. युगानुयुगं एवढं पाणी हलतंय, तर त्यासाठी कोणाची तरी ऊर्जा खर्च होत असणारच ना? साखळीच्या पहिल्या चौकटीत नुसतं 'चंद्र' लिहून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही.

शिवाय उघाडीवर छोटं टर्बाईन बसवलं तर किती वीज मिळेल, याचा नववीला झेपेल असा हिशोब कोणी देईल का?

प्रतिसाद १

ताई, पहिल्या चौकटीत 'पृथ्वीचं परिवलन' लिहा. मुलीचा प्रश्न फार चांगला आहे.

चंद्राच्या ओढीने समुद्राला फुगवटा येतो. पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती फिरते, चंद्राला मात्र एका फेरीला 27 दिवसांहून जास्त लागतात. त्यामुळे किनारे त्या फुगवट्याखालून जात राहतात आणि पाणी उथळ तळावर घासतं. फिरत्या चाकाला हात लावून धरावा तसं हे घर्षण पृथ्वीचा वेग कमी करतं. दिवस शतकाला साधारण 2 मिलिसेकंदांनी लांबतोय. चंद्राची ऊर्जा संपत तर नाहीच, उलट पृथ्वीच्या परिवलनातला थोडा वाटा त्याला मिळतो आणि तो वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर सरकतो. 1969 पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर टाकून हे अंतर मोजतात.

तक्त्यावर पुरावा हवा असेल तर प्रवाळांचा द्या. जॉन वेल्स यांनी 1963 मध्ये सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवरच्या रोजच्या वाढीच्या रेघा मोजल्या. वर्षाला जवळपास 400 भरल्या. म्हणजे तेव्हा दिवस लहान होते.

आता हिशोब. 1 हेक्टर तळं आणि 2 मीटर पाणी धरा. पाण्याचं वजन गुणिले सरासरी उंची, म्हणजे निम्मी, 1 मीटर. उत्तर येतं सुमारे 20 कोटी ज्यूल, म्हणजे 56 युनिट, तेही काहीच वाया गेलं नाही तर. मुख्य मुद्दा असा की उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते. म्हणूनच देशात भरतीच्या विजेचा विषय निघाला की खंबातच्या आखाताचं नाव आधी येतं. फ्रान्सचं रान्स नदीवरचं 240 मेगावॅटचं केंद्र 1966 पासून चालू आहे, तिथेही भरती-ओहोटीतला फरक खूप मोठा आहे.

प्रतिसाद २

मॉडेलशेजारी तिथीचा आडाखाही लावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे गणित.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लेक आत्ताच चौकट खोडून नवी काढतेय. तिचा आणखी एक प्रश्न: उधाणाला सूर्यही ओढतो ना, मग तेवढा भाग सौरऊर्जेत धरायचा का?

प्रतिसाद १

नाही. सूर्याचा भरतीतला वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी आहे, पण तीही ओढच, ऊन नव्हे. तो भागही परिवलनाच्याच खात्यात लिहा.