जनुक-संपादित भात जीएममध्ये (बाहेरचा जनुक घातलेल्या पिकांत) मोडतो का? आणि खारजमिनीत चालेल का?

खारपट्टा:
मे २०२५ मध्ये केंद्राने 'पुसा डीएसटी राईस १' आणि 'डीआरआर धान १०० (कमला)' ही जनुक-संपादित भाताची वाणं जाहीर केली. जिवाणूचा जनुक घातलेलं बीटी वांगं २०१० पासून अडकून पडलंय, मग यांना वाट मोकळी कशी? घरचं बी धरता येईल का? आणि रायगडच्या खारजमिनीत पुसा डीएसटीचा खरंच फायदा होईल?

नववी_कात्री:
कायद्यापुरतं बोलायचं तर हा भात जीएमपेक्षा वेगळा. ३० मार्च २०२२ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या आदेशाने एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारची (रोपाच्याच जनुकात नेमक्या जागी छोटा बदल केलेली), बाहेरचा डीएनए न उरलेली रोपं जीएमसाठीच्या १९८९ च्या नियमावलीतल्या ७ ते ११ या नियमांतून वगळली. त्यामुळे जीईएसीची (जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीची) पायरी गळते. संस्थेचीच जैवसुरक्षा समिती पुरावे तपासते आणि आरसीजीएमला (जनुकबदलाच्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला) कळवते. बाहेरचा अख्खा जनुक घातला (एसडीएन-३) की बीटीचीच वाट.

मेख आहे ती 'न उरलेली' या शब्दांत. क्रिस्पर या संपादन तंत्रातली कॅस९ ही डीएनए कापणारी कात्री बहुतेक वेळा रोपात जनुक म्हणूनच घालतात. म्हणजे पहिल्या पिढीचं रोप जीएमच. कात्री एकाच जागी बसली असेल तर स्वपरागणानंतर साधारण चारांत एक रोप तिच्याविना निघतं. त्यांतून हवा तो बदल असलेलं निवडायचं. पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचणीत) कॅस९ दिसला नाही एवढ्यावर थांबलं तर फसगत होते, कारण कात्री रोपात नेणाऱ्या वाहक डीएनएचा एखादा तुकडा भलतीकडे चिकटलेला असू शकतो. तो सदर्न ब्लॉट या डीएनए चाचणीने किंवा पूर्ण जनुकसंच वाचूनच सापडतो.

बांधबंदिस्ती:
खारजमिनीचं सांगतो. जाहीर झालेली '३० टक्के वाढ' किनारी क्षारतेतली आहे: हेक्टरी १,९१२ किलोवरून २,४९३ किलो. तुलना मूळ वाण एमटीयू १०१० शी, आणि ते खाऱ्या जमिनीसाठी काढलेलंच नाही! आपल्याकडे पनवेल-३ सारखी खारजमिनीसाठीची वाणं आहेत, सामना त्यांच्याशी लावा. जीएममुक्त भारतासाठी झटणाऱ्या गटांनी चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतलेत, आयसीएआरने (ही वाणं काढणाऱ्या भारतीय कृषी संशोधन परिषदेने) ते फेटाळलेत. म्हणून स्वतःच्या शेतात दोन-दोन गुंठे शेजारी-शेजारी लावून बघणं बरं. लावणीआधी आणि फुलोऱ्यात दोन्हीकडची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) मोजा, नाहीतर फरक वाणाचा की जमिनीचा हे कळणार नाही.

पुसा डीएसटीत संपादित केलेला डीएसटी जनुक पानांवरची रंध्रं मिटू देत नाही. तो निकामी केला की रंध्रं लवकर मिटतात, पाणी कमी उडतं, मुळांतून मीठही कमी ओढलं जातं. पण उधाणात बांध फुटून भरतीचं पाणी खाचरात साचलं तर हे वाण तारणार नाही.

बियाणं घरचं धरता येतं. दोन्ही वाणं सरळ आहेत, संकरित नाहीत. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याला ती मुभा आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. क्रिस्परच्या परदेशी पेटंटचं काय ठरलं, ते मात्र आयसीएआरने उघड सांगायला हवं.

खारपट्टा:
मग गिऱ्हाइकाला सांगायचं काय? पिशवीवर लिहायचं?

नववी_कात्री:
वेगळ्या लेबलची सक्ती नाही, पण लिहाच. जपानमध्ये २०२१ साली गाबा हे अमिनो आम्ल वाढवलेला संपादित टोमॅटो आला, तेव्हा कंपनीने आधी घरगुती बागांना फुकट रोपं वाटली आणि फळांवर स्वतःहून तसं छापलं. लपवलं असतं तर लोक बिथरले असते.

नंतर तपासून घेऊ म्हणाल, तर तेही अवघड. नेमका बदल माहीत असला तर प्रयोगशाळा तो शोधेल. पण दोन-चार अक्षरांचा फरक कात्रीने झाला की निसर्गतः, हे दाण्यावरून सांगता येत नाही. त्यामुळे बियाण्याच्या पावत्या जपून ठेवा आणि मळणी-साठवण वेगळी करा. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर पेरणीआधीच संस्थेकडून लेखी उत्तर घ्या.