मनात राग असताना सेवा करावी का?

प्रश्न: वर्षानुवर्षं माझ्याबद्दल वाईटसाईट बोलणारी शेजारीण पक्षाघातानं अंथरुणाला खिळलीय. रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी गुडघे टेकते, पण तिच्या दाराकडे पाय वळत नाहीत. प्रार्थना पुरेशी नाही का?

उत्तर: बायबलमधलं याकोबाचं पत्र वाचा, 2:15-16. उपाशी माणसाला नुसतं ‘तृप्त हो’ म्हणून काय उपयोग, असं तो रोखठोक विचारतो.

उत्तर: जा, पण गाजावाजा नको. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं बायबलमध्येच आहे (मत्तय 6:3). (सेवेचे फोटो स्टेटसला टाकणारे आमच्याकडेही आहेत, असो.)

उत्तर: मी आईचं केलंय. दर दोनेक तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घरचे रात्री झोपत नाहीत. तासभर तुम्ही बसा, तिच्या सुनेला झोपू द्या. माया नंतर आली तर आली.

प्रश्नकर्ती: सुनेला फोन केला. दुपारी तीनला ये म्हणाली.