जुना डेस्कटॉप सुरूच होत नाही: आधी काय तपासता?

जुनापेटी
काल एके ठिकाणी तो लांब, थांबत थांबत येणारा बीप कानावर पडला आणि ॲवॉर्ड बायोसचे (बायोस म्हणजे पीसी सुरू होताना चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) दिवस आठवले. कोअर टू ड्युओ, विंडोज ७ वाले डबे अजून घरोघरी आहेत आणि फोटो, टॅली सगळं त्यातच. म्हणून हा धागा.

लिहिताना गाडी कुठे अडते ते आधी सांगा. पंखाच फिरत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, की अक्षरं येऊन थांबतं? तिन्हींचे उपाय वेगळे.

तो बीप बहुतेक वेळा रॅमचा. पॉवर केबल काढा, बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग रॅम काढून सोनेरी कडेवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. भुगा ब्रशने झाडा, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. एकच पट्टी लावून बघा, नाही जमलं तर स्लॉट बदला.

दोन_बीप
+१. रॅम परत बसवताना स्लॉटच्या दोन्ही क्लिपा खट्ट वाजल्या पाहिजेत. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

सोल्डर
पंखाच फिरत नसेल तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. मेन बंद करून २४ पिनचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा, हिरवी वायर कुठल्याही काळीला पेपरक्लिपने जोडा, लोड म्हणून एक केबिनेट फॅन लावा, मग मेन चालू. फॅन फिरला म्हणजे सप्लाय पास असं मात्र नाही. मल्टिमीटर धरा: पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, पिवळीवर ११.४ च्या खाली नको. जांभळीवर पीसी बंद असतानाही ५ हवेत. तेच नसतील तर बटण कितीही दाबा.
एसएमपीएस उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर मेन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास धरून राहू शकतो.

कोकणवारा
पंखा फिरतो, स्क्रीन काळी: प्रोसेसरजवळचा ४ पिनचा कनेक्टर बघा, तो विसरला जातो. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डात हवी, बोर्डात नाही. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का तेही बघा. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने कॉन्टॅक्ट हिरवे पडतात, तिथे रबरापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं.

माळ्यावरून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. दर वेळी तारीख मागे जाते आणि मग निळी स्क्रीन ०x००००००७बी. बोर्डावरचा सेल बदलू का?

जुनापेटी
@माळ्यावरून हो ताई, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो. पण नुसता सेल बदलून निळी स्क्रीन जायची नाही. सेल उतरला की बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीईचा एएचसीआय होतो किंवा उलट, आणि विंडोजला डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये जाऊन तो मोड पूर्वीसारखा करा. आधी कोणता होता ते आठवत नसेल तर दोन्ही करून बघा, डेटा जात नाही.

माळ्यावरून
आयडीई केल्यावर चालू झालं!! दुकानदार थेट फॉरमॅट मारू म्हणत होता 😡

सोल्डर
फॉरमॅट सगळ्यात शेवटी. 'बूटमॅनेजर मिसिंग' किंवा एक्सपीत 'एनटीएलडीआर मिसिंग' आलं तर आधी पेनड्राइव्ह उपटा, बूट ऑर्डर बघा, डिस्कची लाल साटा केबल बदला.

रात्रपाळी
आणि डिस्क टकटक करत असेल किंवा स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद) 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत असतील तर विंडोजची डिस्क तपासणी, चेकडिस्क, लावूच नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती सगळा पृष्ठभाग वाचत, लिहीत बसते आणि उरलेलंही जातं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, डीडीरेस्क्यू या प्रत काढायच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा, दुरुस्ती करायची ती प्रतीवर. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचे आईवडिलांचे, ते बाजारात मिळत नाहीत.

दोन_बीप
अवांतर: या बोर्डांवर एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क) चालेल ना?

कोकणवारा
चालेल. डिस्कची जोडणी साटा २ असल्याने वेग सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास अडतो, तरी जुन्या हार्डडिस्कपेक्षा कितीतरी पुढे. एएचसीआय मात्र ठेवा.

माळ्यावरून
म्हणजे माझं परत बदलायचं?

जुनापेटी
आत्ता नको ताई. एसएसडी घ्याल तेव्हा विंडोज नव्यानेच टाका, एएचसीआय करून.