दुसऱ्या मजल्यावरचा संडास-बाथरूम एक करायचा आहे, परवानगी लागते का?

आर्वीकर:
आर्वीत (जि. वर्धा) तीन मजली अपार्टमेंट, नगर परिषदेने नकाशा मंजूर केलेलं. संडास आणि बाथरूम शेजारी-शेजारी, मधे साडेचार इंची भिंत. ती पाडून २.४ बाय १.५ मीटरची एकच खोली करायची आहे. इंडियन सीट काढून कमोड समोरच्या भिंतीला न्यायचा, म्हणजे बाहेरच्या उभ्या पाइपपासून दोन मीटर लांब. खालच्यांच्या छताला आधीच ओल आहे. मिस्त्री म्हणतो, आतलं काम आहे, कागद कशाला? खरंच लागत नाही का?

नकाशावाला:
मिस्त्री अर्धं खरं बोलतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे, केवळ आतल्या भागापुरती दुरुस्ती किंवा फेरबदल असेल तर परवानगी लागत नाही. फरशी, नळ, कमोड यातच आले. पण बाथरूम डक्टमध्ये (पाइप नेण्यासाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत) सरकवलं किंवा दर्शनी बाजूची खिडकी बुजवली की ते आतलं काम राहत नाही. मधली भिंत नऊ इंची निघाली तर ती भार घेणारी समजा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय हातोडा लावू नका.

सोसायटीचा कागद मात्र टळत नाही. स्लॅब आणि उभे पाइप एकट्या घरमालकाचे नसतात. सहकारी सोसायटी असेल तर समितीची लेखी परवानगी आधी घ्या, अर्जाला आत्ताचा आणि नंतरचा असे दोन्ही नकाशे जोडा. फ्लॅटमालकांचं असोसिएशन असेल तर इमारतीचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) आणि उपविधी काढून वाचा.

मापाची अडचण नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत एकत्र संडास-बाथरूमला किमान २.८ चौ. मी. आणि १.२ मी. रुंदी सांगितली आहे, तुमचं ३.६ चौ. मी. होतं. छताची उंची २.१ मीटरच्या खाली जाऊ देऊ नका. गीझर आणि पाइप झाकायला फॉल्स सीलिंग करताना नेमकी हीच चूक होते. खरा प्रश्न वेगळा आहे. संडास दुसऱ्या कुणाच्या राहत्या खोलीवर येत असेल तर संहितेप्रमाणे त्याची जमीन जलरोधक असलीच पाहिजे. समोरच्या भिंतीखाली काय आहे?

आर्वीकर:
पूर्वी तिथे खालच्यांचंही बाथरूम होतं. आता धान्याचं कोठार आहे. आमचा सन्कन (पाइप बसावेत म्हणून खाली उतरवलेला स्लॅबचा भाग) मोजला, आठ इंच खोल आहे.

पाइपलाइन:
मग कमोड हलवू नका, भाऊ. हिशेब मांडून पाहा. ११० मिमीचा पाइप, दोन मीटरला १:४० ने ५० मिमी उतार, खाली ५० मिमी बेड, वर ७५ मिमी झाकण. झाले २८५ मिमी. तुमच्याकडे आहेत २००. मिस्त्री मग उतार कमी करतो किंवा स्लॅब टोचतो. उतार कमी पडला की पाणी पुढे जातं आणि मैला पाइपात बसतो. जमीन उचलली तर दारात पायरी येते आणि वजन वाढतं. ३.६ चौ. मी. वर १० सेंमी विटांचे रोडे वाढवले तरी साधारण सहाशे किलो होतात.

कमोड इंडियन सीटच्याच भिंतीला ठेवा आणि भांडं पाइप पाहून घ्या. एस-ट्रॅप (आउटलेट जमिनीत जाणारं भांडं) असेल तर तयार भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, बाजारात ९ इंच आणि १२ इंच अशी दोन मापं जास्त चालतात. पी-ट्रॅपला (आउटलेट भिंतीत जाणाऱ्या भांड्याला) आउटलेटचा मध्य तयार फरशीपासून १८० मिमीच्या आसपास येतो. जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून जमीन दोन सेंमी चढली की हे माप चुकतं. दुकानातून भांड्याचा कागद आणल्याशिवाय पाइप पक्का करू नका.

भिंतीत आडवी झिरी जाडीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नको, उभी तिसऱ्या भागापर्यंत. हा नियम भार घेणाऱ्या भिंतींचा, पण पार्टिशनलाही तोच पाळा. ११५ मिमीच्या भिंतीत आडवी झिरी १९ मिमीच मिळते आणि पाऊण इंची सीपीव्हीसी (पाण्याचा प्लास्टिक पाइप) बाहेरून २२ मिमीचा असतो. म्हणून पाइप वरून उभे उतरवा.

ओलतज्ज्ञ:
खालची ओल आधी शोधा. टाकीकडून येणारा मुख्य कॉक बंद ठेवल्यावर कमी होते का? झाली तर पाण्याची लाइन. सीट वापरल्यावरच वाढते? मग सीट आणि ट्रॅपचा सांधा.

भरणी पूर्ण काढा, स्लॅब घासून कोरडा करा. पाइपभोवतीची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (गोलाई) काढा. मग दोन घटकांच्या सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. भिंतीवर ३० सेंमी, शॉवरच्या जागी १.८ मीटर. नहाणी ट्रॅपच्या तोंडात कोटिंग आत वळवा, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं.

मग ४८ तास पाणी भरून ठेवा. ५ सेंमीला १८० लिटर लागतं, म्हणजे ड्रमभर. पातळीला पेन्सिलची रेघ मारा. मे महिन्यात काम असेल तर एक घमेलं तेवढंच भरून त्याच खोलीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी असंही उडतं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर गळती नाही, जमिनीवरचं जास्त उतरलं तर आहे. या चाचणीच्या वेळी खालच्यांना बोलावून त्यांचं छत सोबत पाहा आणि धान्याची पोती आधी हलवायला सांगा. चाचणीनंतर भरणीवर कोबा कराल, त्यावर बारदाना टाकून सात दिवस पाणी मारा, नाहीतर तडे जातात.

गीझरला ४ चौ. मिमीची तांब्याची वायर, चांगली अर्थिंग आणि ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याचा वासही येत नाही.