बंद करणं सोपं, ऊर्जा जिरवणं अवघड

सॉलिड-स्टेट ब्रेकर, म्हणजे यांत्रिक कॉन्टॅक्टऐवजी सेमीकंडक्टरने करंट तोडणारा ब्रेकर, याबद्दल एक दावा केला जातो: त्यातला मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मायक्रोसेकंदात बंद होतो, म्हणजे प्रश्न सुटला. वेगाबद्दल सहमत, पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

४०० व्होल्ट डीसी लाइन घ्या. लाइनचा इंडक्टन्स (करंट बदलायला विरोध करण्याचा तारेचा गुण) १०० मायक्रोहेन्री आणि करंट १००० अँपिअरवर असताना तोडला, तर तारेत ५० ज्यूल साठलेले असतात. ते मॉस्फेटला समांतर जोडलेल्या व्हॅरिस्टरने (व्होल्टेज ठरावीक पातळीवर गेलं की करंट वाहू देणारा घटक) गिळायचे. त्याचं क्लॅम्पिंग, म्हणजे तो ज्या पातळीवर व्होल्टेज रोखून धरतो ती, १००० व्होल्ट धरलं, तर करंट शून्यावर यायला सुमारे १६७ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात सोर्सही ऊर्जा ढकलतच असतो, म्हणून व्हॅरिस्टरवर प्रत्यक्षात ८३ ज्यूल येतात. बऱ्याच जणांच्या हिशोबात हा सोर्सचा वाटा सुटतो आणि व्हॅरिस्टर लहान निवडला जातो. क्लॅम्पिंग कमी ठेवावं, तर हा वाटा आणखी वाढतो. शिवाय रोजच्या व्होल्टेजला गळती करंट वाढून व्हॅरिस्टर लवकर म्हातारा होतो. म्हणजे क्लॅम्पिंग उंचच ठेवावं लागतं आणि तेवढं व्होल्टेज मॉस्फेटवर येतं, म्हणून ४०० व्होल्टच्या लाइनला नाइलाजाने १२०० व्होल्टचा मॉस्फेट लावावा लागतो.

त्यात चालू अवस्थेतली उष्णता. १० मिलीओहमचा एकच मॉस्फेट १०० अँपिअरला १०० वॉट तापतो, आणि तोही अखंड. दोन्ही दिशांनी तोडायचं तर दोन मॉस्फेट उलटसुलट जोडा, म्हणजे २०० वॉट. यांत्रिक कॉन्टॅक्ट एवढ्याच करंटला जेमतेम काही वॉट घेतो.

आणि कृपा करून सिरीजमध्ये यांत्रिक आयसोलेटर (लाइन प्रत्यक्ष तोडून वेगळी करणारा स्विच) ठेवाच. बंद मॉस्फेटमधून गळती चालू असते, शिवाय तो बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच. त्याच्या भरवशावर लाइनला हात लावू नका.