प्रति: इंग्रजीत प्रबंध लिहिताना 'मी' कुठे जातो?

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की इंग्रजीत, म्हणजे दुसऱ्या भाषेत, प्रबंध लिहिताना आपला आवाजच हरवतो. पण आमच्या खान्देशात इंग्रजी दुसरी कुठे, तिसरी! घरी अहिराणी, शाळेत मराठी. पहिलीत 'माले वाटस' म्हटलं की वर्ग हसायचा, तेव्हाच एक 'मी' घडी घालून दप्तरात ठेवला होता.

एम.एस्सी.ला केळीवरच्या करपा रोगावर प्रबंध होता. भर पावसात वडील आणि मी खोडाखोडाशी थांबून डागाळलेली पानं मोजली. प्रबंधात काय आलं? 'पानांची मोजणी करण्यात आली.' कोणी केली, देव जाणे! मार्गदर्शकांनी 'वापसा' शब्दावरही लाल रेघ मारली. पाऊस उघडल्यावर जमिनीत औत घालण्याजोगी ओल उरते, तो वापसा. इंग्रजीत त्याला अख्खी ओळ लागली. शेवटी वाद घालून मी 'वापसा' रोमन लिपीत तसाच ठेवला आणि पुढे अर्थ दिला. सगळ्या प्रबंधात माझं म्हणावं असं तेवढंच, नि ऋणनिर्देश.

रॉझ इव्हानिच या लेखनाच्या अभ्यासक बाईंनी १९९८ मध्ये लिहिणाऱ्याचे 'मी' वेगवेगळे मांडलेत: आयुष्यातून आलेला, मजकुरातून दिसणारा, आणि ठामपणे मत मांडणारा. आमचा अडतो तो तिसरा. व्याकरण येतं हो, पण 'माझ्या मते' लिहायला हात धजत नाही.

आणि 'मोजणी करण्यात आली' असा कर्मणी प्रयोग म्हणजेच शास्त्र, हेही खरं नाही. बरीच विज्ञान नियतकालिकं आता 'आम्ही मोजलं' चालवून घेतात. मार्गदर्शकांना एखादा छापील लेख दाखवून बघा.