मदत हवी आहे: माजी सैनिक वडिलांची घरपट्टी माफ होत नाहीये

मेघना_कोथरूड: बाबा फौजेतून बोर्ड आउट झालेत, म्हणजे मेडिकल कारणाने सेवेतून सुटलेत. सुरुंगावर पाय पडून उजवा पाय गुडघ्याखालून गेला. घरपट्टीत सूट आहे असं ऐकून तीन वेळा खेटे घातले, तिन्ही वेळा अर्ज परत आला. बिलाची मुदत संपत आलीये. नक्की काय करायचं, लवकर सांगा.

धायरीकर: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड की कँटोन्मेंट? तिन्हीकडे कर वेगळा असतो.

मेघना_कोथरूड: आयडी वाचा ना! पुणे महापालिका.

पेठकर: पीटी-३ फॉर्म भरा, ४० टक्के सूट मिळते. मी स्वतः घेतलीये.

निवृत्त_सुभेदार: पेठकर, ती कोणत्याही राहत्या घराची सवलत आहे. फौजी माणसासाठी २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आहे. त्याआधी शौर्यपदकवाले आणि सैनिकांच्या विधवा एवढ्यांनाच माफी होती, आता सगळ्या माजी सैनिकांना. अपंगत्वाचा टक्का इथे कोणी विचारत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडला का?

मेघना_कोथरूड: जोडला. पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि फौजेचं डिस्चार्ज बुकही.

वैशाली_प: यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढा, एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. माझ्या भावाचं झालं.

धायरीकर: ताई, इथे घरपट्टीचं चाललंय.

पेठकर: तरीही ४० टक्के आधी पदरात पाडून घ्या, असं माझं ठाम मत.

निवृत्त_सुभेदार: मेघना, बिल कोणाच्या नावावर येतं?

मेघना_कोथरूड: आजोबांच्या. ते वारले, पण घर बाबांचंच आहे.

निवृत्त_सुभेदार: बेटा, हे आधी सांगायला हवं होतंस. माफी एकाच मिळकतीला, आणि ती माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर लागते. आजोबांचे आणखी वारस आहेत?

मेघना_कोथरूड: एक आत्या. तिची काही हरकत नाही.

निवृत्त_सुभेदार: तोंडी चालत नाही. आत्याचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, मग मृत्यूदाखला लावून करआकारणीत बाबांचं नाव चढवा. सोसायटीलाही कळवा. त्यानंतरच माफीचा अर्ज. तोवर बिल थकवू नकोस, दरमहा २ टक्के शास्ती चढते. आणि पाय कुठे बसवला? वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात का?

मेघना_कोथरूड: हो, तिथेच. आत्या सांगलीला असते, आजच फोन करते.